आधी तैलरंगच हाती घ्या

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक शीर्षक नसलेलं चित्र ६७ कोटींच्या वर गेलं. आकड्यांची चर्चा भरपूर झाली. एक पंढरपुरात जन्मलेला आणि दुसरा नागपुरात, याचा अभिमानही बाळगून झाला. ही दोन्ही चित्रं तैलरंगातली आहेत, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. त्या बातम्या वाचून हातात ब्रश धरावासा वाटलेल्या माणसाला सल्ला मिळतो तो वेगळाच. सुट्टीतले वर्ग, यूट्यूबवरचे गुरू, रंगांचे दुकानदार सगळे एकच सांगतात: सुरुवात अ‍ॅक्रिलिकनं करा, तैलरंग पुढे बघू. हा सल्ला पुण्या-मुंबईतल्या बंद, थंड खोलीपुरता ठीक असेल. काष्टीत तो चुकीचा ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

काष्टी म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं बाजाराचं गाव. शनिवारचा इथला जनावरांचा बाजार साऱ्या पश्चिम महाराष्ट्राला माहीत आहे. ऊस, दूध आणि बाजार यांवर चालणाऱ्या अशा गावात चित्रकलेचा संबंध शाळेपुरता उरतो. एलिमेंटरीची परीक्षा, मग इंटरमीजिएटची. हे सगळं जलरंग आणि पोस्टर कलरमध्ये. इंटरमीजिएटच्या श्रेणीचे गुण दहावीच्या निकालात जमा होतात आणि बहुतेकांचा ब्रश तिथेच सुटतो. चाळिशी-पन्नाशीत पुन्हा हुरूप येतो तेव्हा तैलरंग हा शब्दच मोठा वाटतो. महाग असेल, अवघड असेल, आपल्या घरात शोभणार नाही.

पण तेलात कालवलेला रंग या गावाला नवा नाही. बाजाराला किंवा पोळ्याला बैल सजवताना शिंगांचं काय करतात ते पाहा. आधी शिंगं साळतात. मग घासून गुळगुळीत करतात, तेलाचा हात देतात आणि त्यानंतरच रंग लागतो. पूर्वी तो तेलात खललेला हिंगूळ असे, आता हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंटचा डबा असतो. खरबरीत, धुळकट शिंगावर रंग धरत नाही, हे इथल्या पोराला न शिकवता कळतं. कॅनव्हासच्या बाबतीतही पहिला धडा नेमका हाच आहे: रंगाआधी पृष्ठभाग.

हिंगुळाची गोष्ट इथे संपत नाही. स्वीडनचा आन्द्रेस झोर्न (१८६०–१९२०) माणसांची चित्रं काढण्यात जगभर नावाजला. त्याच्या नावानं आजही शिकवली जाणारी रंगपट्टी चारच रंगांची आहे: पांढरा, पिवळी माती, हिंगूळ आणि काळा. या चारांतून माणसाच्या कातडीच्या बहुतेक साऱ्या छटा निघतात. पिवळ्या मातीत काळा मिसळला की हिरवट छटा येते आणि पांढऱ्यात काळा मिसळला की लाल-पिवळ्याच्या शेजारी तो निळसर भासतो. खरा हिंगूळ पाऱ्याचा, म्हणून विषारी. त्याच्याऐवजी आज तसाच दुसरा तांबडा घेतात. नवशिक्यानं चोवीस ट्यूबांचा डबा घेण्यात अर्थ नाही, एवढं यावरून कळावं. डबा मोठा असला की माणूस रंग मिसळायला शिकतच नाही.

आता वाळण्याकडे येऊ. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लास्टिकच्या जातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा धरतो. एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना पत्र्याच्या घरात पातळ थराला यासाठी काही मिनिटं पुरतात. आणि शिकणाऱ्याला सवड हवी असते ती याच वेळी. आकाशाचा निळा क्षितिजाकडे हळूहळू फिका करत न्यायचा असतो. वरची बाजू होईतो खालची कड वाळलेली असते आणि तिथे रेघ उमटते. शिवाय ओलं असताना माध्यम दुधट दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. त्यामुळे जुळवून लावलेली छटा वाळल्यावर थोडी गडद निघते. ब्रश दोन मिनिटं बाजूला ठेवला की केस कडक होतात आणि तो ब्रश गेला. याउलट डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली जातो अशा पहाटे, हाच रंग नीट पापुद्रा धरत नाही आणि वाळून भुगा होऊ शकतो. पंखा बंद ठेवणं, जेवणाच्या डब्यात ओलं फडकं अंथरून त्यावर बटर पेपर टाकून रंग काढणं, असे उपाय आहेत आणि ते जरूर करावेत. पण पहिल्याच महिन्यात हवामानाशी झुंज कशाला?

तैलरंगात पाणी नाही, म्हणून उडून जायचा प्रश्न नाही. तेल हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा टणक थर बनतो. याला दिवस लागतात. सकाळची धार काढून तासभर चित्राला बसावं, मग रानात जावं, संध्याकाळच्या धारा उरकून पुन्हा बसावं. रंग सकाळी सोडला होता तसाच मऊ असतो. नको असलेला भाग चिंधीनं पुसता येतो. ज्याचा दिवस तुकड्यातुकड्यांचा आहे त्याच्यासाठी याहून सोयीचं माध्यम मला माहीत नाही.

आणि हे तेल कोणतं? जवसाचं. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच जवस. पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी काही कारखाने करडईचं तेल वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं. वाळायला मात्र जास्त वेळ घेतं. रब्बीच्या ज्वारीत करडईचे पाटे टाकणारा हा सगळा टापू आहे, तरी तैलरंग आपल्याला परका वाटतो, हे मला फार खटकतं. शेंगदाण्याचं तेल चालत नाही, ते कधीच वाळत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अशा स्निग्धाम्लाचा असतो की ते प्राणवायू झपाट्यानं पकडतं. शेंगदाणा तेलात ते जवळपास नसतंच. पण न वाळणारं म्हणूनच शेंगदाणा तेल ब्रश धुवायला उत्तम. आधी ब्रश चिंधीनं पुसावा, खाद्यतेलात घोळवून पुन्हा पुसावा, मग साबण आणि पाणी. टर्पेंटाइनच्या उग्र वासात हात बुडवून बसण्याची काही गरज नाही.

घाण्यावर काढलेलं, काही न मिसळलेलं जवसाचं तेल सरावासाठी घरीही साफ करता येतं. बरणीत तेल आणि तेवढंच पाणी घालून जोरात हलवायचं, निवळू द्यायचं, मध्ये साचलेला बुळबुळीत साका आणि पाणी टाकून द्यायचं. दोन-तीनदा असं केल्यावर तेल उथळ ताटलीत जाळीखाली उन्हात ठेवायचं. जुने चित्रकार हेच करत. उन्हात तेल फिकं होतं आणि थोडं दाटही होतं. उन्हाला आपल्याकडे तोटा नाही.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत लिहावा असा. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. शेजारी कडब्याची गंजी असेल तर काय होईल ते सांगायला नको. चिंध्या बाहेर, सुट्या, पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात टाकाव्यात.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. हार्डबोर्डचा तुकडा किंवा पट्ट्यांवर ताणलेलं मांजरपाट, त्यावर जेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे, दोन-तीन हात. कोऱ्या कापडावर तैलरंग थेट लावायचा नाही. तेल झिरपून धागा काही वर्षांत ठिसूळ होतो. टायटॅनियम पांढरा, पिवळी माती, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन निळा आणि एखादा तांबडा. काळी ट्यूब नको, कारण अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून जिवंत काळा मिळतो. सपाट ताठ केसांचे दोन ब्रश, एक लहान गोल, एक पॅलेट नाइफ. दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. जास्त निवड हवी तर दौंडमार्गे पुणे गाठून अप्पा बळवंत चौक. घराच्या दाराला लावायचा ऑइल पेंट चित्रासाठी वापरू नये. त्यातही वाळणाऱ्या तेलाचा अंश असतो, पण तो दाराला संरक्षण देण्यासाठी बनवलेला आहे, छटा मिसळण्यासाठी नव्हे.

पहिलं चित्र एका रंगात करा. बोर्डवर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या अंबरचा सपाट हात द्या. सगळं तपकिरी झालं की चिंधीनं उजेड पुसून काढा. समोर पांढरा खिलार उभा आहे असं धरा. सकाळचं ऊन पाठीवर पडलंय. पाठीची कड पूर्ण पुसायची, वशिंडाची उजेडाकडची बाजू निम्मी, पोटाखाली हात लावायचा नाही. पाच मिनिटांत बैलाला वजन येतं. मग लक्षात येतं की ज्याला आपण पांढरा म्हणतो त्या अंगाचा मोठा भाग पांढरा नाहीच. पोटाखाली जमिनीची तांबूस झाक आहे, मानेच्या सावलीत आभाळाचा निळा आहे, आणि कोरा पांढरा फक्त पाठीवर, दोन बोटं रुंदीचा. हे पाहायला शिकणं म्हणजेच चित्रकला शिकणं. हेच अ‍ॅक्रिलिकमध्ये करून पाहा. चिंधी उचलेपर्यंत अंबर बोर्डला धरून बसलेला असतो.

रंग आले की पाळायचा नियम एकच: खालचे थर पातळ, वरचे तेलकट. उलटं केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. मातीचे रंग, विशेषतः अंबर, एक-दोन दिवसांत वाळतात, पांढऱ्याला आठवडाही लागतो. वार्निश सहा महिने ते वर्षभरानं. वार्निश विचार न करता फिरवलं तर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १८७२ पासून पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश फिरवलं गेलं. ते पिवळं पडलं आणि ते काढताना पुढच्या पिढ्यांची दमछाक झाली. 

गुरू कुठून आणायचा, हा काष्टीतला खरा अडसर, आणि तो मी कमी लेखत नाही. पण तैलरंगाचा आपला इतिहास बघितला तर तो मोठ्या प्रमाणात पाहून शिकलेल्यांचा आहे. राजा रविवर्म्याला त्रावणकोरच्या दरबारी चित्रकारानं तैलरंग शिकवायचं नाकारलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन राजाचं चित्र काढायला आला, तेव्हा रविवर्म्याला काम करताना नुसतं बघायची परवानगी मिळाली. बाकीचं त्यानं स्वतःच्या चुकांतून कमावलं, आणि पुढे त्याच्या छापखान्याची चित्रं लोणावळ्याजवळच्या मळवलीहून घराघरांत पोचली.

कोल्हापूरचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. बाबूराव मेस्त्री म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कोणत्याही कला विद्यालयात गेले नाहीत. कारागिराच्या घरात वाढले आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत शिकले. पडद्यावर महाल उभा करायचा तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो खोल दिसला पाहिजे. उजेड-सावलीचा अभ्यास याहून कडक कुठे होणार? आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी कॅमेरा तयार केला, ‘सैरंध्री’ काढला, सिनेमाची पोस्टरं रंगवली आणि तैलरंगातली चित्रंही करत राहिले. हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच पोट भरत होते. ट्रॉलीवर नाव टाकणारा, दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर फ्लेक्सनं जवळपास संपवला. तुमच्या गावात असा एखादा जुना माणूस उरला असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. लांब रेघ न थरथरता कशी ओढायची, ब्रशवर रंग किती घ्यायचा, हात कुठे टेकवायचा, हे त्याच्याइतकं नीट यूट्यूबवरून कळणार नाही.

आणि एकदा तरी अस्सल तैलचित्र अगदी जवळून बघा. छापील चित्रात थर दिसत नाहीत. काष्टीहून बारामती-फलटणकडून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाता येतं. तिथलं श्रीभवानी संग्रहालय औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलं. ते स्वतःही चित्रं काढत. चित्रासमोर सरळ उभं राहू नका, बाजूनं, तिरक्या उजेडात बघा. दागिन्यांवर रंग जाड ठेवलेला आणि सावलीत इतका पातळ की कापडाची वीण जाणवते, हा फरक तिथे डोळ्यांनी कळतो. रविवार गाठून जायचं असेल तर संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना, एवढी चौकशी आधी करून निघा.