फिस्टुला वाहता ठेवण्याची साठ वर्षं

1960 पूर्वी डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला नवी धमनी, नवी शीर कापावी लागे. हातापायांच्या रक्तवाहिन्या संपल्या की उपचारही संपत. त्या वर्षी सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळ्यांचा शंट बसवला आणि कायमची निकामी झालेली किडनी घेऊन जगणं शक्य झालं. पण हाताबाहेर लोंबणाऱ्या त्या नळ्यांत जंतुसंसर्ग होई, गुठळ्या होत. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि अ‍ॅपल यांनी मनगटाजवळ धमनी थेट शिरेला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाच फिस्टुला. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावचा रुग्ण ज्या हाताला जपतो, त्यात तीच जोडणी असते.

धमनीचा जोर सोसायला शीर घडलेली नसते. तिचं अस्तर आतून जाड होतं, बहुधा जोडाच्या जवळच, आणि वाट अरुंद होते. मशीनला मिनिटाला 300 मिलिलिटरच्या आसपास रक्त हवं. तेवढं मिळेना की डायलिसिस अपुरं पडतं, पुढे गुठळी होऊन फिस्टुला बंद पडतो. पूर्वी अशा वेळी दुसरीकडे नवा फिस्टुला करत, म्हणजे आणखी एक शीर खर्ची. डॉ. ग्रुंटझिग यांनी 1974 पासून पायांच्या अरुंद धमन्या रुंद करायला वापरलेला फुगा 1980 च्या दशकात फिस्टुलातही आला. फुगवून शीर रुंद करायची. पण कित्येकांना काही महिन्यांत पुन्हा तेच करावं लागतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 330 रुग्णांच्या अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप असलेल्या फुग्याने सहा महिन्यांनंतरही सुमारे 82 टक्के रुग्णांची वाट मोकळी होती. साध्या फुग्याने 60 टक्क्यांची.

पैशाची बाजूही बदलली. मोफत उपचारांची राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत आली तेव्हा शेजारचं अमरावती त्यात होतं, यवतमाळ नव्हतं. 2013 मध्ये ती राज्यभर झाली. 2017 पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. डायलिसिस तिच्यात आहे.

फुग्यासाठी मात्र क्ष-किरण यंत्रणा आणि सरावलेला हात लागतो. तालुक्याच्या माणसाला त्यासाठी मोठं शहरच गाठावं लागतं. म्हणून मला वाटतं, घरच्यांना फिस्टुला तपासायला शिकवणं हा उपचाराचाच भाग मानावा. रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहायचं. हात वर केल्यावरही शीर फुगलेलीच राहिली, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबेना, हात सुजला, तर पुढच्या डायलिसिसपर्यंत न थांबता सांगायचं. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, कापसाचं गाठोडंही त्यावर पेलायचं नाही. थरथर थांबलीच, तर त्याच दिवशी निघायचं.