मुद्दल शाबूत, नफा हाती : बोर्निओच्या किनाबातांगान खोऱ्यातील धंद्याचा हिशेब

व्यापाराचा पहिला धडा असा की खर्च नफ्यातून करावा, मुद्दलाला हात लावू नये. हा धडा दुकानाच्या गल्ल्याला लागू पडतो तसाच नदीला, जंगलाला आणि गुहेलाही लागू पडतो. याचे उदाहरण आम्हाला मलेशियाच्या साबा राज्यात, बोर्निओ बेटावर पाहायला मिळाले. पाठीवर पिशवी टाकून केलेल्या या भटकंतीत तेथील लोक पैसा कसा मिळवतात ते जवळून पाहता आले. वाचकांच्या उपयोगासाठी ते येथे मांडत आहोत.

किनाबातांगान ही साबातील सर्वात लांब नदी, लांबी सुमारे 560 किलोमीटर. खालच्या टप्प्यात ती सपाट प्रदेशातून वळणे घेत समुद्राकडे जाते. पुराचे पाणी पसरून दलदल होते, जुनी वळणे तुटून तळी बनतात आणि मुखाशी खारफुटी वाढते. या पाणथळ प्रदेशाला 2008 मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. नदीकाठच्या जंगलाचा सुमारे 26 हजार हेक्टर भाग 2005 मध्ये अभयारण्य म्हणून राखण्यात आला.

सांडाकान शहरातून सुकाऊ गावी जायला मोटारीने दोन-अडीच तास लागतात. वाटेत दोन्ही बाजूंना पाम तेलाचे मळे लागतात आणि कितीही पुढे गेलो तरी ते संपत नाहीत. गावात पोहोचून पहाटे होडीत बसलो. तासाभरात लांब नाकाची माकडे, धनेश पक्षी आणि काठावर पहुडलेली मगर दिसली. नशीब चांगले असेल तर ओरांगउटान आणि बोर्निओचे बुटके हत्तीही दिसतात.

इतके प्राणी इतक्या सहज कसे दिसतात? आम्हाला प्रथम ही जंगलाची श्रीमंती वाटली, पण कारण उलटे आहे. मळे वाढत गेले तसे जंगल आक्रसले आणि नदीकाठच्या अरुंद पट्ट्यांत प्राणी एकवटले. म्हणजे पाहुण्याला जी चैन वाटते ती प्राण्यांची अडचण आहे. दुकान रिकामे होत असताना उरलेला माल दर्शनी फळीवर मांडावा, तसाच हा प्रकार. ग्राहकाला दुकान भरलेले दिसते, आतली कोठी किती रिती झाली ते मालकालाच ठाऊक असते.

घरट्याची तिजारत

सुकाऊच्या वाटेवरच गोमांतोंगच्या गुहा आहेत. त्यांतली सिमुद हितम ही काळी गुहा पाहायला सोपी आहे. तिचे छत सुमारे 90 मीटर उंच आहे. पायाखाली वटवाघळांची विष्ठा, तिच्यावर असंख्य झुरळे आणि नाकाला झोंबणारा वास. छताला पाकोळ्यांची घरटी असतात. या पाकोळ्या अंधारात टकटक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. पाकोळ्या आपल्या लाळेने घरटे बांधतात. चिनी लोक त्याचे सूप करून पितात आणि ते औषधी मानतात. पांढरे घरटे जवळजवळ निव्वळ लाळेचे असल्यामुळे महाग पडते. काळ्या घरट्यात पिसे मिसळलेली असतात. ती वेचण्याची मजुरी वाढते आणि माल स्वस्तात जातो.

घरटी काढणारे मजूर वेताच्या शिड्या, दोर आणि बांबू यांच्या आधाराने छतापर्यंत चढतात. हात सुटला तर जीव गेला. म्हणूनच मालाच्या किमतीत पिढीजात कसब आणि धोका या दोन्हींचे मोल आहे.

पण आम्हाला महत्त्वाचा वाटला तो काढणीचा नियम. साधारणपणे वर्षातून दोनदाच काढणी होते. पहिली अंडी घालण्यापूर्वी होते, म्हणजे पक्ष्याला पुन्हा घरटे बांधता येते. दुसरी पिल्ले उडून गेल्यावर होते. देखरेख वन्यजीव खात्याची असते आणि परवान्याशिवाय कोणी घरट्याला हात लावू शकत नाही. घाई करून अंड्यांसकट घरटी ओरबाडली तर एका हंगामात पैसा दुप्पट होईल, पण पुढच्या वर्षी छत रिकामे राहील.

आता या मालाला स्पर्धाही आहे. इंडोनेशियात आणि मलेशियात शहरांतील इमारतींमध्ये पाकोळ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांना बोलावले जाते, आणि बाजारातील बहुतेक घरटी आज अशा घरांतूनच येतात. एकाच ग्राहकावर विसंबण्याचा धोकाही या धंद्याने अनुभवला आहे. 2011 मध्ये नायट्राइटचे प्रमाण जास्त आढळल्यामुळे चीनने मलेशियाचा माल रोखला आणि उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. मालाची शुद्धता हीच पत, हे त्यांनी महाग किंमत देऊन शिकून घेतले.

पाहुण्याचा पैसा कोणाचा?

नदीच्या वरच्या अंगाला बातू पुतेह गाव आहे. येथील ओरांग सुंगाई, म्हणजे नदीचे लोक, बहुतेक मुसलमान आहेत. त्यामुळे हलाल जेवणाची चौकशी करावी लागली नाही आणि सलाम करताच ओळख झाली. या लोकांनी कोपेल नावाची सहकारी संस्था चालवली आहे. पाहुणे गावातील घरांत पाळीपाळीने उतरवले जातात, म्हणून एकाच घराची चंगळ होत नाही. होडीवाला, वाटाड्या, स्वयंपाक करणाऱ्या बाया, सर्वांना काम मिळते. तुंगोग तळ्यात माजलेली तणवेल या लोकांनीच काढली आणि उजाड काठावर झाडेही तेच लावतात. जवळच बातू तुलुगच्या टेकडीतील गुहांत शेकडो वर्षांपूर्वीच्या लाकडी शवपेट्या आहेत. त्या पाहायला येणारा पाहुणाही गावात चार पैसे सोडून जातो.

आलिशान निवासात पाहुणा उतरला तर गावाच्या हाती मजुरीच लागते. येथे मालकी गावाची, म्हणून राखणही गावाची. बरकत कुठून येते, ते यातून समजते.

आपल्यासाठी बोध

हे सारे दूरदेशीचे समजू नये. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांतील गुहेतही पाकोळ्यांची वसाहत आहे. तेथून घरटी चोरून नेली जात होती आणि ती थांबवण्यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला झटावे लागले. कोकणच्या खाड्यांत खारफुटी आहे, मगरी आहेत, होड्या आहेत आणि होडी हाकणारे आपले भाऊबंदही आहेत. पाहुणे येऊ लागले आहेत. प्रश्न इतकाच की जमीन विकून बाहेरच्याच्या निवासात नोकरी करायची, की चार घरांनी मिळून स्वतःचा हिशेब मांडायचा.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक : मार्च ते ऑक्टोबर पाऊस तुलनेने कमी असतो. रिंगिट शहरातच बदलून घ्यावेत. आम्ही आळस केला आणि गावात उसनवारी करावी लागली. जळवांसाठी लांब मोजे न्यावेत आणि व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी तपासावेत. होडी आणि वाटाड्या मात्र गावचाच घ्यावा. आपला पैसा मुद्दल राखणाऱ्याच्या हाती पडला पाहिजे.