मंत्रिपद न घेतलेला अध्यक्ष

नांदेडच्या विष्णुपुरीला विद्यापीठात गेलो की तिथल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. ज्यांच्या नावाची पदवी तुम्ही घेणार, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी निजाम सरकारशी बोलणी कशी केली? उत्तरात निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार येतात, भारतीय लष्कराची पोलीस अ‍ॅक्शन येते, हैदराबाद मुक्तीचा १७ सप्टेंबर १९४८ येतो. बोलण्यांचा भाग मात्र निसटतो, आणि मला कित्येक वर्षं धरून ठेवलंय ते त्याच भागाने.

चरित्र थोडक्यात सांगतो. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे मूळ नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. कामगारनेते ना. म. जोशींकडे काम, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी, १४ जानेवारी १९३० ला संन्यास, पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं दुसरं अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला भरलं, तोवर मास्तर पुरते राजकारणात उतरले होते.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा ही संघटना रीतसर स्थापनही झालेली नव्हती! सरकारचं म्हणणं, ती जातीय आहे. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. तिन्हींची गल्लत होऊ लागली, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. मग घोळ सुरू झाला तो नावाचा. ‘काँग्रेस’ हा शब्द सरकारला खुपत होता. मवाळ मंडळींनी दुसरं नाव घेऊन पाहिलं, सरकार त्यालाही राजी झालं नाही. स्वामीजींना हा मार्गच मान्य नव्हता. १९४० मध्ये निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले. बंदी उठली १९४६ मध्ये, आणि संघटना उभी राहिली ती त्याच नावाने. काही अभ्यासकांना हा हट्ट वाटतो. मला ती पक्की मुत्सद्देगिरी वाटते, कारण नाव सोडलं असतं तर भारताच्या लढ्याशी असलेलं नातंच सुटलं असतं.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढलं की हैदराबाद कोणत्याही घटना समितीत जाणार नाही. त्याच महिन्यात स्टेट काँग्रेसच्या मुशीराबाद अधिवेशनात अध्यक्ष म्हणून स्वामीजींनी भारतात विलीनीकरणाची मागणी उघड मांडली. ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला, १५ ऑगस्टला तिरंगा फडकवला म्हणून त्यांना अटक झाली. मग दिल्लीशी बोलणी कोण करत होतं? निजामाचं शिष्टमंडळ. २७ ऑक्टोबरला रझाकारांच्या जमावाने त्या शिष्टमंडळातल्यांची घरं वेढली, तेव्हा निजामाने माणसंच बदलली. २९ नोव्हेंबरला वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. संस्थानातल्या सुमारे १ कोटी ६३ लाख लोकांच्या वतीने मेजापाशी बसायला हवा होता तो माणूस तोवर कोठडीत होता! करारानंतर सुटका झाली खरी, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक.

बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ वगैरे मंडळी सरहद्दीवरची केंद्रं चालवत होती. या केंद्रांवरच्या पोरांनी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली तो दिवस ३० जानेवारी १९४८ होता, गांधीजींच्या हत्येचाच दिवस. मुदखेडहून पुढे रेल्वेने जाताना उमरी स्टेशन आलं की मी खिडकीतून बघत राहतो. लुटीच्या पैशाचा हिशेब त्या पोरांनी चोख ठेवला होता, उरलेली रक्कम पुढे सरकारकडे जमा केली. असा हिशेब ज्या चळवळीत ठेवला जातो तिचा अध्यक्ष कसा असेल, हे वेगळं सांगायला नको.

मुक्तीनंतर स्वामीजी मंत्री झाले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. जे संस्थान सोडवण्यासाठी एवढा तुरुंग भोगला, तेच भाषावार विसर्जित व्हावं असा आग्रह त्यांनी धरला. हैदराबाद अखंड राहावं, असा नेहरूंचा कल होता. तरीही स्वामीजी हटले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन भाग झाले आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. माझ्या मते त्यांच्या राजकारणातलं सर्वांत मोठं काम हेच, आणि आपण मराठवाड्यातली माणसं त्याबद्दल फार कमी बोलतो.

त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९६७ मध्ये आलं, २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. नांदेड-लातूरच्या शाळांनी १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर त्या पुस्तकातली बोलण्यांची पानं मुलांना वाचून दाखवावीत, एवढी माझी विनंती आहे.