बाटलीकडून वाटीकडे

आईच्या अंगावरच्या दुधाखेरीज बाळाला जे दूध दिले जाते, मग ते गाई-म्हशीचे असो वा डब्यातल्या पावडरीचे, त्याला मराठी घरांत 'वरचे दूध' म्हणतात. या शब्दात दूध कुठले ते कळते, पण ते कशाने पाजायचे याचा पत्ता लागत नाही, कारण पाजण्याचे साधन वेळोवेळी बदलत आले आहे. कापसाचा किंवा मऊ कापडाचा बोळा दुधात भिजवून बाळाच्या तोंडात पिळणे हा त्यातला एक जुना प्रकार. 'मी काही बोळ्याने दूध पीत नाही' असे ठणकावून सांगणाऱ्याने बोळा कधी पाहिलेला नसतो, तरी वाक्प्रचारात तो टिकून आहे. दुसरे साधन म्हणजे बोंडले, अर्थात एका बाजूला निमुळती तोटी काढलेले छोटे भांडे. तमिळनाडू आणि केरळात आजही वापरात असलेले पालाडै हे त्याचेच भावंड म्हणावे असे आहे. तिसरे साधन म्हणजे वाटी-चमचा, ज्याला वेगळी ओळख लागत नाही. रबरी निपल लावलेली बाटली या सर्वांच्या मानाने फारच अलीकडची: रबरी निपलचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी १८४५ मध्ये घेतले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत इंग्लंडात लांब रबरी नळीच्या ज्या बाटल्या खपल्या त्यांची नळी आतून धुताच येत नसल्यामुळे त्यांना 'खुनी बाटल्या' असे नाव पडले.

आज ही बाटली मराठी घरांत इतकी रुळली आहे की बाळाच्या विकासातला तो एक ठरलेला टप्पाच आहे, असा समज झाला आहे. वस्तुतः बाळाच्या वाढीला बाटलीची गरज कोणत्याच वयात नसते, गरज असते ती घराच्या वेळापत्रकाला. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला सेक्टरांत विभागलेली शांती नगर ही वसाहत घेतली तर हे लगेच ध्यानात येते. येथील अनेक घरांतले दोन्ही पालक पश्चिम रेल्वेच्या लोकलने अंधेरी, दादर, चर्चगेटच्या दिशेने कामाला जातात आणि जाण्या-येण्यातच त्यांचे काही तास खर्ची पडतात. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली असली, तरी त्यांतले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत असल्यामुळे आई पुन्हा लोकलच्या महिला डब्यात चढते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते, म्हणजे उष्टावणाच्या, वरचे अन्न सुरू करण्याच्या, नेमक्या त्याच सुमारास ते आजीच्या, सांभाळणाऱ्या बाईंच्या किंवा पाळणाघराच्या हाती जाते. वाटीने पाजायला एक मोकळे माणूस, दोन मोकळे हात आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. बाटली मात्र उशीला टेकवून ठेवली तरी काम करते, आणि पाच-सहा मुले एकदम सांभाळणाऱ्या पाळणाघरात हाच गुण निर्णायक ठरतो. म्हणून बाटली सोडवणे हे मुलापेक्षा मोठ्यांच्या दिनक्रमाशी अधिक निगडित आहे, आणि मुलाच्या हट्टाला दोष देणाऱ्या सल्ल्यांत ही बाजू बहुधा सुटते.

यातली गंमत अशी की ज्या बाळाला बारशाला आजोळहून चांदीची वाटी आणि चमचा येतो, त्याची ती वाटी उष्टावणाच्या दिवशी खिरीपुरती बाहेर निघून पुन्हा कपाटात जाते आणि रोजच्या व्यवहाराला प्लास्टिकची बाटली येते. वाटी उभी-आडवी कशीही धरली तरी तिचा तळ दिसतो, तिला बोट फिरवून घासता येते आणि उकळत्या पाण्यात बुडवता येते. बाटलीच्या गळ्याचे आटे, निपलची आतली कड आणि वायुवीजनासाठी असलेले बारीक छिद्र यांत दुधाचा साका राहतो व त्यावर जंतूंचा चिकट थर धरतो. बाळाच्या जुलाबांचे मूळ पुष्कळदा या थरात असते. आईचे दूध मिळू न शकणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा बाळांना आरंभी नळीने आणि नंतर चमच्याने, वाटीने किंवा पालाडैने दूध देण्याची रीत नवजात विभागांत रूढ आहे, आणि दीड-दोन किलो वजनाचे मूल जर वाटीच्या काठावरून दूध चाटून घेऊ शकते, तर एक वर्षाच्या धडधाकट मुलाला 'अजून जमत नाही' म्हणून बाटली देत राहण्यामागे फारसे बळ उरत नाही.

चोखणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. निपल चोखताना जीभ पुढे येऊन ते टाळूशी दाबते, ओठ त्याभोवती घट्ट मिटतात आणि दूध थेट जिभेच्या मागच्या भागाकडे जाते. उघड्या भांड्यातून पिताना खालचा ओठ काठाला टेकून स्थिर राहावा लागतो, जबडा थांबवून धरावा लागतो आणि जिभेला मागे राहून घोट गोळा करावा लागतो. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत प्रतिक्रिया ओसरते, सहाव्या महिन्यानंतर आधाराने बसणे जमू लागते, आणि घोट घेण्याचे शिक्षण येथूनच सुरू करता येते. शिकवताना मोठे माणूस बहुधा जी चूक करते ती एकच: फुलपात्र तिरके करून पाणी तोंडात ओतले जाते, मूल ठसकते, आणि 'पाहा, याला पेला चालत नाही' असा निकाल लागतो. योग्य रीत हळू आहे. मुलाला मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवून, लाळेरे बांधून, लहान स्टीलच्या फुलपात्रात चार-पाच चमचेच द्रव घ्यावा. भांड्याचा काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवून ते इतकेच कलते करावे की द्रवाची कड वरच्या ओठाला स्पर्श करील, आणि तेथे हात थांबवावा; पुढची हालचाल मुलाची असते, ते जीभ बाहेर काढते, चाटते, ओठ मिटते, आणि बरेचसे हनुवटीवरून लाळेऱ्यात जाते. हे सांडणे हा शिक्षणाचाच भाग आहे. पाण्यापेक्षा किंचित दाट द्रव, उदाहरणार्थ भाताची सरबरीत पेज किंवा नाचणीची पातळ खीर, हळू वाहत असल्याने पहिल्या धड्यांना अधिक सोयीची पडते.

बाटली फार काळ राहिली तर होणाऱ्या हानीत दातांची हानी सर्वांत ठळक असते आणि तीच सर्वांत उशिरा ओळखली जाते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहते, झोपेत लाळ कमी सुटत असल्यामुळे ते धुतले जात नाही, आणि जंतू दुधातल्या व त्यात घातलेल्या साखरेचे आम्ल करतात. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे आच्छादन असल्याने ते बहुधा वाचतात, आणि वरचे किडलेले व खालचे शाबूत ही जोडी पाहूनच दंतवैद्याला रात्रीच्या बाटलीचा संशय येतो. या किडीचा बाटलीशी असलेला संबंध अमेरिकेतील दंतवैद्य एलियस फास यांनी १९६२ साली मांडला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसणे ही तिची पहिली खूण, पण 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' या भावनेने ती रेघ तपकिरी होईपर्यंत कोणी मनावर घेत नाही. आडवे झोपून बाटलीने पिणाऱ्या मुलांत कानाच्या मध्यभागाचा संसर्गही अधिक आढळतो, कारण घसा आणि कान यांना जोडणारी नलिका या वयात आखूड व जवळजवळ आडवी असते.

तिसरी हानी दिसत नाही, ती रक्तातली असते. चालत्या-फिरत्या मुलाच्या हातात दिवसभर बाटली राहिली की २५० मिलिलिटरच्या चार बाटल्या, म्हणजे लिटरभर दूध, सहज पोटात जाते. त्या लिटरभर गाईच्या दुधात लोह मिळते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, तर एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे ८ मिलिग्रॅम आहे. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि केसीन नावाचे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाचे शोषण रोखतात, आणि भरलेल्या पोटी वरण-भात, पालेभाजी नको होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याला अनेक कारणे आहेत, पण शहरी, खात्यापित्या घरातल्या मुलाच्या बाबतीत बाटलीचा विचार आधी करावा. वर्षानंतर दिवसाला सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसे होते, आणि आशाताई आठवड्यातून दोनदा द्यायला सांगतात ते लोहाचे सिरप दुधासोबत देऊ नये, ते याच कारणासाठी.

सुरुवात केव्हा करावी याचे स्मरण ठेवायला लसीकरणाचे कार्ड उपयोगी पडते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रेपर्यंत फुलपात्रातले पाणी मुलाच्या ओळखीचे झालेले असावे, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानच्या दुसऱ्या मात्रेला व बूस्टरला जाताना पिशवीत बाटली नसावी; बालदंतवैद्यकाच्या संस्थाही बाटली सोडवण्यासाठी बारा ते अठरा महिने हाच काळ सांगतात. दुपारची बाटली सर्वांत आधी सुटते, कारण तेव्हा मूल जागे, खेळकर आणि खायला उत्सुक असते. सकाळची त्यानंतर. रात्रीची सर्वांत शेवटी, कारण तिथे दूध हे निमित्त असून खरा संबंध झोपेशी जुळलेला असतो. म्हणून दूध जेवणाच्या ताटाशी नेऊन, नंतर दात पुसून, मग थोपटणे, गाणे, अंधार असा नवा क्रम बसवल्याखेरीज ती सुटत नाही. काही घरे रात्रीच्या बाटलीत दुधाचे प्रमाण रोज थोडे कमी करून शेवटी नुसते पाणी ठेवतात, काही एका शनिवारी सगळ्या बाटल्या उचलून टाकतात आणि दोन-तीन रात्रींचे रडे सोसतात. दोन्ही मार्ग चालतात. चालत नाही तो अर्धवट मार्ग, म्हणजे आईने बंद केलेली बाटली पाळणाघरात चालू राहणे.

बाटली आणि पेला यांच्यामध्ये बाजाराने सिपर नावाची वस्तू आणून बसवली आहे. तिच्या तोटीत न सांडण्यासाठी झडप असते, आणि ती झडप उघडण्यासाठी मुलाला चोखावेच लागते. म्हणजे रूप पेल्याचे आणि काम बाटलीचे. या संदर्भात १९९२ चा शिशुदुग्ध-पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीचा केंद्रीय कायदा, ज्याने बाटल्यांच्या जाहिराती आणि विक्रीसाठीची आमिषे यांवर बंदी घातली, तो मुळातून वाचण्यासारखा आहे: बाटलीच्या व्याख्येत त्याने निपलबरोबर झडपेचाही समावेश केला आहे. कायदा करणाऱ्यांपुढे शिशुदुग्ध-पर्याय पाजण्याचे भांडे होते, आजचा रंगीत सिपर नव्हता, तरी धोका नेमका कोठे आहे हे त्यांना उमगले होते असे म्हणायला हरकत नाही. प्रवासाला, लोकलच्या गर्दीत, सिपर सोयीचा; घरात त्याला स्थान देण्याचे कारण नाही. आखूड, जाडसर स्ट्रॉ मात्र ओठ आणि गाल यांना वेगळा व्यायाम देत असल्याने तुलनेने बरी.

भांडे बदलले की त्यात काय ओतायचे हा प्रश्न उभा राहतो. पाणी सहा महिन्यांनंतर, जेवणाबरोबर. मीरा-भाईंदरला उल्हास नदीच्या खोऱ्यातून येणारे पाणी शांती नगरच्या इमारतीत पोचल्यावर आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत थांबते, आणि टाकी केव्हा धुतली याचे उत्तर प्रत्येक सोसायटीत वेगळे मिळते. तेव्हा लहान मुलासाठी ते उकळून गार केलेलेच बरे. गाईचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतर द्यावे असे बहुतेक बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि दोन वर्षांपर्यंत ते साय न काढलेले असावे, कारण वाढत्या मेंदूला स्निग्धांश लागतो. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत वा पुढेही चालू राहू शकते. मीठ-साखर न घातलेले ताजे ताक पेल्याच्या सवयीसाठी उत्तम. वरणाच्या नुसत्या वरच्या पाण्याला मात्र आपल्याकडे नको तितका मान आहे: डाळीतले प्रथिन तळाशी राहते आणि मुलाच्या इवल्या पोटात पिवळे पाणी जागा अडवते. त्याहून वाईट म्हणजे निपलचे छिद्र तापलेल्या सुईने मोठे करून त्यातून बिस्किट कालवलेले दूध किंवा पातळ खिचडी पाजण्याची रीत, जिच्यामुळे मूल चावायचे शिकत नाही आणि बाटलीचा मुक्काम आणखी लांबतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन वर्षांच्या आत फळांचा रस, डब्यातला असो वा घरी काढलेला, देऊ नये आणि पाच वर्षांच्या आत चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. रसाबद्दल घरे ऐकतात. चहाबद्दल मात्र संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळे मार्गदर्शन कोलमडते, कारण आजोबांच्या बशीतला गार केलेला घोट हा लाडाचा भाग असतो आणि तो देणाऱ्या हाताला अडवणे कोणत्याच सुनेला सोपे नसते. चहातील टॅनिन लोहाचे शोषण थांबवते हे आजोबांना सांगण्यापेक्षा त्याच वेळी मुलाच्या हाती स्वतःचे फुलपात्र, त्यात दोन बोटे ताक, देऊन त्याला त्याच सतरंजीवर बसवणे अधिक कामी येते. मुलाला हवी असते ती आजोबांसारखी बशी धरण्याची संधी, चव नव्हे, आणि थोडे ताक सतरंजीवर सांडले तरी ते पुसता येते.