कर्करोगाचं अंतरंग (लेखांक ६) : दोन्ही प्रती गेल्यावर

गेल्या आठवड्यात आपण पेशीला वाढीचा हुकूम सोडणारी जनुकं पाहिली. त्यांच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तरी पेशी वाढीला लागते. आजची जनुकं याच्या उलट कामाची. पेशीनं कधी थांबायचं, हे ती ठरवतात. डॉक्टर त्यांना ट्यूमर सप्रेसर जीन म्हणतात. आपण अर्बुदरोधक जनुकं म्हणू. यांची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. एक निकामी झाली तरी दुसरी बहुतेक वेळा काम निभावून नेते. दोन्ही गेल्या, की पेशीला आवरणारं कोणी उरत नाही.

हे कोडं उलगडलं ते लहान मुलांच्या एका दुर्मीळ आजारामुळे. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि बहुतेक मुलांत तो पाच वर्षांच्या आतच दिसतो. काही मुलांच्या एकाच डोळ्यात एकच गाठ असते. काहींच्या दोन्ही डोळ्यांत, अनेक गाठी, आणि त्याही तान्हेपणीच. काही घरांत तो पिढ्यान् पिढ्या दिसतो, तर बहुतेक घरांत आधी कोणालाच झालेला नसतो. एकाच आजाराची ही दोन रूपं कशी?

आल्फ्रेड नुडसन हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ. त्यांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात आलेल्या ४८ मुलांच्या नोंदी काढल्या. निदान झालं तेव्हा मूल किती महिन्यांचं होतं, गाठ एका डोळ्यात होती की दोन्ही, घरात आणखी कोणाला हा आजार होता का, एवढीच माहिती त्यांच्या हाती होती. २३ मुलांचे दोन्ही डोळे बाधित होते, २५ जणांचा एकच. नुडसन यांनी आलेख काढला : अमुक वयापर्यंत किती मुलांचं निदान व्हायचं बाकी होतं? दोन्ही डोळ्यांच्या मुलांची रेषा जवळपास सरळ खाली उतरली. एकाच घटनेची वाट पाहिली जात असेल, तर रेषा अशी उतरते. एका डोळ्याच्या मुलांची रेषा मात्र आधी रेंगाळली आणि मग वळून खाली आली. एकाच पेशीत दोन घटना घडाव्या लागतात, तेव्हा आलेखाला असा बाक येतो.

१९७१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आज तो दोन आघातांचा सिद्धांत म्हणून ओळखला जातो. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्माआधीच झालेला असतो आणि तो शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. वाढत्या पडद्यात लाखो पेशी असतात. त्यांतल्या मोजक्या पेशींची उरलेली प्रत बिघडली, की गाठी धरतात. नुडसन यांच्या हिशेबानं अशा मुलात सरासरी तीन गाठी होतात. सरासरी तीन म्हणजे एखाद्याला पाच, एखाद्याला एक आणि क्वचित कोणाला एकही नाही. म्हणूनच सदोष प्रत असलेला एखादा बाप स्वतः आजारातून सुटतो आणि त्याच्या मुलाला मात्र आजार होतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही आघात जन्मानंतर किंवा गर्भात वाढताना एकाच पेशीवर व्हावे लागतात. हा योग इतका विरळा, की गाठ एकच होते आणि उशिरा होते.

पुरावा नंतर मिळत गेला. १९८३ मध्ये वेबस्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गाठीतल्या पेशींनी तेराव्या गुणसूत्राच्या एका ठरावीक भागातली चांगली प्रत खरोखरच गमावलेली असते. १९८६ मध्ये स्टीफन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग आणि थॅडियस ड्रायजा यांच्या गटानं त्या भागातलं हे जनुक वेगळं काढलं. आरबी१ हे त्याचं नाव. हाती लागलेलं हे पहिलं अर्बुदरोधक जनुक.

या जनुकापासून बनणारं आरबी हे प्रथिन करतं काय? पेशीनं विभागायचं ठरवलं, की आधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्या नकलेची तयारी सुरू करणारं ई२एफ नावाचं प्रथिन असतं. आरबी त्याला धरून ठेवतं. वाढीचा योग्य संदेश आला, की सीडीके नावाची विकरं आरबीवर फॉस्फेट चढवतात, पकड सुटते आणि काम पुढं जातं. संदेश नसेल तर पेशी थांबून राहते. दोन्ही प्रती गेलेल्या पेशीत ई२एफला धरणारं कोणी नसतं. संदेश असो वा नसो, विभाजन चालू राहतं.

आरबीची पकड सोडवायला जनुकातच बिघाड व्हावा लागतो असं नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू ई७ नावाचं प्रथिन बनवतो. ते आरबीला निकामी करतं, तर ई६ हे दुसरं प्रथिन पी५३ या आणखी एका अर्बुदरोधक प्रथिनाची विल्हेवाट लावतं. जनुकं शाबूत, पण त्यांची प्रथिनं गेलेली. हा हल्ला लशीनं टाळता येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हावॅक या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे. मुलींना ही लस वेळेत देणं म्हणजे आरबी आणि पी५३ या दोघांचंही रक्षण करणं.

पुढं अशी अनेक जनुकं सापडली. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या घराण्यांत एपीसी, स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या घराण्यांत बीआरसीए१ आणि बीआरसीए२. तिथंही वारशानं मिळते ती एक सदोष प्रत. दुसरी त्या व्यक्तीच्या हयातीत, एखाद्या पेशीत जाते. म्हणून वारशानं कर्करोग मिळत नाही, त्याचा धोका मिळतो, आणि धोका आधी कळला तर त्यावर लक्ष ठेवता येतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत बिघडलेलं टीपी५३, म्हणजे पी५३ प्रथिन बनवणारं जनुक, हे याच कुळातलं. त्याची चाल थोडी निराळी आहे; पुढचा लेख त्याच्यासाठीच राखून ठेवला आहे.

आता घराघरात उपयोगी पडेल असं. बाळाला रेटिनोब्लास्टोमा झाला, की आपल्याकडे बोट आईकडे जातं : ग्रहण पाळलं नाही, डोहाळ्यांत भलतंच खाल्लं. या बोलण्याला काडीचा आधार नाही. आनुवंशिक प्रकारातल्या बहुसंख्य मुलांत सदोष प्रत नव्यानंच तयार झालेली असते आणि असा नवा बिघाड बहुतांश वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत झालेला आढळतो. तोही कोणाच्या हातात नसतो. दोष द्यायला इथं कोणीच नाही.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. बाधित मुलाची आरबी१ जनुकासाठी तपासणी करून घ्यावी. बिघाड नेमका कुठं आहे हे कळलं, तर भावंडांचीही तपासणी होते. ज्याच्यात तो नाही, त्या भावंडाची भूल देऊन वारंवार होणाऱ्या डोळ्यांच्या तपासण्यांतून सुटका होते. ज्याच्यात आहे, त्याच्यावर जन्मापासून लक्ष ठेवता येतं आणि गाठ मोहरीएवढी असतानाच लेझरनं किंवा गोठवून नष्ट करता येते. आनुवंशिक प्रकारात शरीराच्या इतर पेशींतही एकच प्रत शिल्लक असते. त्यामुळे अशा मुलांना पुढं हाडांच्या कर्करोगाचा धोका राहतो आणि बाहेरून दिलेल्या किरणोपचारानं तो वाढतो. म्हणूनच आज डॉक्टर शक्यतो किरणोपचार टाळतात. ही मुलं मोठी झाली, तरी त्यांच्या डॉक्टरांना बालपणीच्या आजाराची माहिती असलीच पाहिजे.

आणि प्रत्येक आईबापासाठी : फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरट चमकत असेल, किंवा बाळ तिरळं पाहू लागलं असेल, तर 'मोठं झालं की जाईल' म्हणून थांबू नका. दर वेळी कर्करोगच निघतो असं नाही; कधी मोतीबिंदू असतो, कधी फक्त प्रकाशाचा कोन. पण हे ठरवायचं ते बाहुली मोठी करून, आतला पडदा पाहून, नेत्रतज्ज्ञानं. उपचार मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत होतात. वेळेत आणलेलं मूल बहुतेक वेळा वाचतं, आणि अनेकदा त्याचा डोळाही. शंका आली, तर त्याच आठवड्यात दाखवा.