मौजे, तालुका, जिल्हा

जुन्या नकलेचा अर्ज भरताना मौजेचं नाव झटकन लिहून होतं. गाव जिथल्या तिथेच असतं. पेन थांबतो तो पुढच्या दोन रकान्यांशी. मानोरा तालुक्यातल्या शेताचा आजचा जिल्हा वाशिम. पण कागद १ जुलै १९९८ च्या आधीचा हवा असेल तर जिल्हा अकोला. आणखी मागे गेलं की तालुकाही मानोरा राहत नाही, मंगरूळ होतो. आणि १९०५ च्या मागे गेलं की जिल्हा पुन्हा वाशिम.

अभिलेख कक्षात बस्ता सोडायचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. कापडाची गाठ सैल करायची आणि वरची धूळ फडक्यानं टिपायची. झटकली तर जीर्ण कडांचे तुकडे पडतात. पान कोपऱ्याला धरून उलटत नाहीत, खाली तळहात सरकवून अलगद पलीकडे ठेवतात. तपकिरी पडलेल्या शाईत आधी सर्व्हे नंबर शोधायचा, मग कब्जेदाराचं नाव, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, आकार रुपये-आण्यांत. नक्कल करणारा जसंच्या तसं उतरवतो. मूळ नोंदीत अक्षर चुकलेलं असलं तरी ते सुधारायचा अधिकार त्याला नाही. मग रुजवात: एकजण मूळ वाचतो, दुसरा नकलेवर बोट फिरवत जातो. त्यानंतरच सही-शिक्का.

जमिनीची नोंद करायचं हे काम वाशिमला नवं नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. चौथ्या शतकात सर्वसेनानं ही शाखा सुरू केली आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेणाच्या काळात तिचा अंमल ऐन भरात होता. अजिंठ्याचं सोळावं लेणं हरिषेणाचाच मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं. पण मला त्या लेण्याहून जवळचा वाटतो तो १९३९ मध्ये वाशिमलाच उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट. राज्याच्या ३७ व्या वर्षी नांदेडकडचं एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात. गावाला काय काय माफ, त्याची लांबलचक यादी त्यात आहे: फुलं-दूध द्यायचं नाही, बैल द्यायचे नाहीत, सैनिकांनी गावात शिरायचं नाही, आल्यागेल्या अधिकाऱ्यासाठी खाट आणि जेवण पुरवायचं नाही. एरवी गावाच्या मानेवर काय काय असायचं, ते या माफीतूनच कळतं. तपशील प्राकृतात लिहिला तो गावकऱ्यांना ऐकून समजावा म्हणूनच असेल, असं मला वाटतं.

राज्यं गेली. इंग्रजांनी १८७५ मध्ये वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा केला आणि तीसच वर्षांत मोडला. वाशिम-मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. मानोऱ्याकडच्या, अरुणावती नदीकाठच्या माणसाला त्यानंतर जिल्ह्याच्या कामासाठी अकोला गाठावं लागलं, तेही ९३ वर्षं. तारीख पडली की एक दिवस बुडायचा, पुढची तारीख मिळाली की आणखी एक. राजधानी किंवा जिल्ह्याचं ठाणं कुठे असावं, हा प्रश्न आमच्याकडे मोठेपणाचा कधीच नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं घरी परतता येतं की नाही, एवढाच तो होता. म्हणून वाशिमला पुन्हा वेगळा जिल्हा करण्याचा १९९८ चा निर्णय मला मोलाचा वाटतो.

सातबारा आता मोबाईलवर निघतो. पण वाटणीच्या भांडणात किंवा जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचं नाव लागतं, तेव्हा जुन्याच पानापर्यंत जावं लागतं. ही पानं संगणकावर चढवताना प्रत्येक मौजेपुढे आजचा तालुका-जिल्हा आणि त्या सालचा तालुका-जिल्हा, दोन्ही लिहायला हवेत. नाहीतर 'मानोरा' टाकून शोधणाऱ्याला नोंद नाही असंच उत्तर मिळेल, आणि त्याचं शेत मात्र 'तालुका मंगरूळ'खाली व्यवस्थित लिहिलेलं असेल.