सायनसमध्ये ‘सिस्ट’ निघाली? आधी शुगर किती ते बघा

डोकं दुखतं म्हणून सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टमध्ये ‘सायनसमध्ये सिस्ट’ असं लिहून आलं की घरातले सगळे धास्तावतात. खरं तर गालाच्या हाडातल्या पोकळीत अशी गाठ कितीतरी निरोगी माणसांत सापडते. शेंबूड तयार करणाऱ्या बारीक ग्रंथीचं तोंड बंद होतं, आत पाणी साठतं आणि फुगा तयार होतो. हा कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर डॉक्टर बहुतेक वेळा तिला हातही लावत नाहीत.

पण रिपोर्ट कुणाचा आहे, हे महत्त्वाचं. शुगर हाताबाहेर गेलेला माणूस, केमोथेरपी चालू असलेला, किडनी बदललेला, किंवा दम्यासाठी, सांध्यांसाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या खाणारा पेशंट असेल तर हिशेब बदलतो. साधी सूज आणि बुरशीची सुरुवात स्कॅनवर कधी कधी सारखीच दिसते. प्रतिकारशक्ती ढासळलेली असली की बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त पोचत नाही आणि तिथलं मांस, हाड काळं पडत जातं. २०२१ च्या कोरोना लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस तो हाच.

ही बुरशी माती, शेणखत, कुजलेल्या पाल्यात असतेच. शेतकऱ्याच्या नाकात ती रोज जाते, धडधाकट माणसाला काही होत नाही. एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. शुगरवाल्यांनी मात्र वाळलं खत उपसताना तोंडा-नाकाला मास्क लावावा.

एकाच बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट घाण येणं, वरचे दात हलणं, टाळूवर काळा डाग, पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नका. हा आजार काही दिवसांत, कधी काही तासांतही डोळ्यापर्यंत आणि पुढे मेंदूपर्यंत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाकात बघतात आणि तुकडा काढून तपासायला पाठवतात. बुरशी निघालीच तर सडलेला भाग ऑपरेशनने काढणं, अॅम्फोटेरिसिन बी हे इंजेक्शन आणि शुगर आटोक्यात आणणं, तिन्ही एकदमच करावं लागतं.

मेडिकलवाल्याकडून ‘सर्दीची पावरफुल गोळी’ आणून चार दिवस वाट बघणारे बरेच असतात. त्या पुडीत स्टिरॉइड असेल तर शुगर आणखी चढते. उलट, डॉक्टरांनी लिहून दिलेलं जुनं स्टिरॉइड मनानेच एकदम बंद करणंही धोक्याचं. दवाखान्यात जाताना स्कॅनची फिल्म, शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, आणि शुगर आहे हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.